फॉस्फरस ६.९ आलाय, दूध बंद, डाळ बंद, आता खायचं काय?

चिंचपेटी

नमस्कार मंडळी, वाचनमात्र असते मी इथे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. सासूबाईंचं डायलिसिस चालू आहे, वय ६४, जुनी शुगर, वजन ५२ किलो, आठवड्यातून दोनदा सांगलीला नेतो. क्रिएटिनिन, पोटॅशियम, हिमोग्लोबिन हे आता घरातल्या पोरांनापण पाठ झालंय पण या महिन्याच्या रिपोर्टात फॉस्फरस ६.९ आणि पुढे वर जाणारा बाण. कुणाला विचारावं तर युनिटमधून एक झेरॉक्स कागद मिळाला, त्यावर दूध दही पनीर डाळी कडधान्यं शेंगदाणे तीळ सुकामेवा अंडी मटण मासे नाचणी बाजरी, सगळ्यापुढे एकच शब्द, टाळा. आईंनी तो कागद देवासारखा मानला. गेले काही आठवडे भात, दुधीची भाजी, साबुदाण्याची पेज एवढ्यावर आहेत, वजन उतरतंय, उठता बसता धाप लागते. आणि गंमत म्हणजे चहाबरोबर खारी, नातवंडांच्या डब्यातलं चीज स्लाइस, पाकिटातले नूडल्स हे बिनधास्त चालू, का तर "कागदावर लिहिलेलं नाही गं ते".

रात्री अंगाला खाज सुटते ती वेगळीच. सेवेलामर नावाची गोळी दिलीये, त्यावर जेवणासोबत असं लिहिलंय पण आई सकाळी सातला सगळ्या गोळ्या एका घोटात घेऊन मोकळ्या होतात.

तर प्रश्न असा की फॉस्फरस एवढा वाईट असतो का, मुळात करतो काय तो शरीरात, आणि माणसाने खायचं तरी काय?

फिस्टुलावाला

ताई, सगळ्यात आधी त्या गोळीचं बघा, बाकी सगळं नंतर. मी स्वतः डायलिसिसवर आहे (नावावरून कळलंच असेल, फिस्टुला म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला हातात जोडून केलेली रक्तवाहिनी). ती गोळी रक्तात जाऊन काही करत नाही, ती पोटात, आतड्यात बसून जेवणातला फॉस्फरस धरून ठेवते आणि शौचावाटे बाहेर काढते. पोटात जेवणच नसेल तर धरणार काय, कप्पाळ? सकाळी सातला रिकाम्या पोटी घेतलेली सेवेलामर म्हणजे पैसे कमोडमध्ये टाकल्यासारखं. पहिल्या दोन घासांनंतर घ्यायची किंवा जेवताना मध्येच. ज्या जेवणात डाळ, अंडं, मासा जास्त त्या जेवणाला जास्त गोळ्या आणि नुसता पोहे-चहा असेल तेव्हा कमी, अशी वाटणी करून मागा डॉक्टरांकडून. मी तर शर्टाच्या खिशात डबी ठेवतो, लग्नात पंगतीला बसलो की लोकांना वाटतं आजोबा तंबाखू काढतायत.

कडुलिंब

किडनीच्या पेशंटांमध्येच काम करतो म्हणून थोडं लांब लिहितो, पण आधीच सांगतो, इथलं वाचून औषध बदलू नका, डोस तुमचे नेफ्रॉलॉजिस्ट म्हणजे किडनीचे डॉक्टरच ठरवतील.

फॉस्फरस वाईट नाही हो, त्याच्याशिवाय एक मिनिट चालणार नाही. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ७०० ग्रॅम असतो, त्यातला ८५ टक्के हाडात आणि दातात कॅल्शियमबरोबर, बाकीचा पेशींच्या आत. पेशीचं आवरण फॉस्फरस असलेल्या स्निग्ध रेणूंचं, डीएनएचा कणा फॉस्फेटचा, स्नायू ज्यावर चालतो ते एटीपी म्हणजे तीन फॉस्फेट जोडलेला रेणू. रक्तात फिरणारा जो आपण रिपोर्टात मोजतो तो जेमतेम एक टक्का, आणि तो मोठ्या माणसात २.५ ते ४.५ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) मध्ये असावा लागतो. लहान मुलांचा जास्तच असतो, हाडं वाढत असतात त्यांची, त्यामुळे पोराच्या रिपोर्टात साडेपाच बघून कुणी घाबरू नका.

धडधाकट माणसाला जेवढा लागतो त्याच्यापेक्षा जास्तच पोटात जातो. अमेरिकेतलं प्रमाण मोठ्यांसाठी दिवसाला ७०० मिलिग्रॅम आहे आणि रोजच्या भाजी-पोळी-वरण-दुधातनं बहुतेकांचं ते सहज ओलांडलं जातं. जादाचा किडनी लघवीतून फेकून देते, विषय संपला. हे नियंत्रण तीन ठिकाणाहून होतं, पॅराथायरॉइड ग्रंथीचा हार्मोन, ड जीवनसत्त्व, आणि हाडातून येणारा एफजीएफ-२३ नावाचा हार्मोन जो किडनीला सांगतो की सोडून दे. किडनी मंदावली की हा एफजीएफ-२३ आधी वाढतो, बरीच वर्षं, आणि तोपर्यंत रिपोर्टातला फॉस्फरस नॉर्मलच दिसतो. मग एक दिवस ते जमेनासं होतं आणि आकडा वर जातो. म्हणजे ६.९ दिसलं तेव्हा गोष्ट बरीच जुनी असते.

वाढून होतं काय? कॅल्शियम खाली ओढलं जातं, पॅराथायरॉइड पेटते आणि हाडातून कॅल्शियम काढायला लागते, हाडं ठिसूळ. आणि दुसरीकडे रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या स्नायूपेशी हाडाच्या पेशींसारख्या वागायला लागतात, तिथे चुना जमतो. डायलिसिसच्या कितीतरी पेशंटांच्या हाताच्या साध्या एक्स-रेत रक्तवाहिनी पांढरी आखीव दिसते, बघून धस्स होतं. हृदयाचा धोका येतो तो इथून. खाज फॉस्फरसनेच असेल असं मात्र नाही, कोरडी त्वचा आणि अपुरं डायलिसिस हीपण मोठी कारणं आहेत, आकडा खाली आला तरी खाज राहिलेले पेशंट आहेत माझ्याकडे.

आता खरा मुद्दा. चार तासाच्या एका डायलिसिसमध्ये ढोबळ ७०० ते ९०० मिलिग्रॅम फॉस्फरस निघतो, ८०० धरू. दोनदा म्हणजे आठवड्याला १६००. खाण्यात दिवसाला ९०० गेला आणि त्यातला ६० टक्के अंगी लागला तर आठवड्याला जवळपास ३८०० आत येतो. शिल्लक २२०० कुठे जाणार? थोडा लघवीतून, जर लघवी होत असेल तर. बाकी गोळीने धरायचा. आणि सेवेलामरची ८०० मिलिग्रॅमची एक गोळी जेमतेम २०-३० मिलिग्रॅम धरते. करा हिशोब. त्यामुळे नुसत्या गोळ्या वाढवून किंवा नुसतं जेवण तोडून हे बसत नाही. आठवड्यातून तिसरं डायलिसिस मिळालं तर चित्र पालटतं. महात्मा फुले योजनेत किंवा जिल्हा रुग्णालयाच्या केंद्र सरकारच्या डायलिसिस कार्यक्रमात बसतंय का, आधी ते विचारा.

सात्त्विक_७

एवढं अवघड कशाला करताय. आपल्या आजीच्या जेवणात फॉस्फरस नव्हता का? होताच. मग त्यांना का नाही झालं काही? केमिकलचं खाणं बंद करा, भाज्यांचे रस घ्या, नाचणीची आंबील घ्या, मोड आलेली कडधान्यं घ्या, किडनी आपोआप सुधारते. आणि एक सांगतो, फॉस्फरस हे उंदराच्या विषात घालतात, हे खायची वस्तूच नव्हे.

कडुलिंब

@सात्त्विक_७, विषात असतो तो पिवळा फॉस्फरस, शुद्ध मूलद्रव्य, हवेत पेट घेतो, यकृताची राखरांगोळी करतो. अन्नात असतो तो फॉस्फेट. दोन्हींचा संबंध मिठातला क्लोराइड आणि क्लोरीन गॅस इतकाच.

आणि भाज्यांचे रस डायलिसिसच्या पेशंटला कृपा करून सांगू नका. ग्लासभर रसात पोटॅशियम इतकं असू शकतं की हृदय थांबेल. हे अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाहीये.

ताकभात

आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, म्हणून तो झेरॉक्स कागद वाचून हसू पण आलं आणि रागपण. हा कागद बहुतेक कुठल्यातरी तक्त्यावरून केलाय, तक्त्यात शंभर ग्रॅममध्ये किती फॉस्फरस ते बघायचं आणि जास्त असेल ते खोडायचं. पण अन्नात किती आहे आणि अंगाला किती लागतो यात जमीन अस्मानाचा फरक.

डाळी, कडधान्यं, ज्वारी-बाजरी, शेंगदाणे यातला बराचसा फॉस्फरस फायटेटच्या रूपात बांधलेला असतो आणि माणसाच्या आतड्यात तो सोडवणारं एन्झाइम जवळजवळ नाहीच. त्यामुळे ३० ते ५० टक्केच शोषला जातो. दूध, अंडी, मासे, चिकन यातला ४० ते ६० टक्के. आणि पाकिटातल्या खाण्यात जो क्षारांच्या रूपात, टिकवण्यासाठी, मऊ राहावं म्हणून घातलेला असतो, तो सुटाच असतो, तो ९० टक्क्यांच्या पुढे शोषला जातो. म्हणजे कागदावर डाळीला फुली आणि चीज स्लाइसला माफी, हे बरोब्बर उलटं झालंय.

२०११ मध्ये अमेरिकेतल्या इंडियानात एक छोटा अभ्यास झालेला, नऊच पेशंट होते पण नेटका होता, किडनी बिघडलेल्या लोकांना आठवडाभर शाकाहारी आणि आठवडाभर मांसाहारी जेवण दिलं, दोन्हीत फॉस्फरस जवळपास सारखाच मोजून. शाकाहारी आठवड्यात रक्तातला फॉस्फरस आणि एफजीएफ-२३ दोन्ही कमी आले. तेव्हा वरण बंद करायची घाई कशाला.

दुसरं, प्रोटीन. डायलिसिसमध्ये प्रोटीनपण धुवून जातं, त्यामुळे आईंना किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम म्हणजे दिवसाला पन्नास-साठ ग्रॅम लागणार. भात-दुधीवर ते अर्ध्यावरपण येत नाही. अशा उपासमारीने फॉस्फरस थोडा उतरेल पण माणूसपण उतरेल. (ज्यांची किडनी कमकुवत आहे पण डायलिसिस सुरू नाही त्यांचं प्रोटीनचं गणित वेगळं, कमी. ते घरातल्या घरात सरसकट लावू नका.)

सगळ्यात सोपं, अंड्याचा पांढरा भाग. एका पांढऱ्यात साडेतीन ग्रॅम प्रोटीन आणि फॉस्फरस पाचेक मिलिग्रॅम फक्त, अंड्यातला बाकी सगळा पिवळ्यात. अंडी खात असतील तर दिवसाला चार-पाच पांढऱ्यांची भुर्जी, कांदा मिरची कोथिंबीर, मीठ बेतानं. खात नसतील तर एक वाटी घट्ट वरण, थोडं घरचं पनीर किंवा दही मापात, आणि त्या जेवणाला गोळी.

चिंचपेटी

अंडी खातात आई, सोमवार आणि चतुर्थी सोडून :) पण मग पाकिटावरून ओळखायचं कसं? फॉस्फरस असं लिहिलेलं मला तरी कुठे दिसलं नाही.

ताकभात

लिहिलेलं नसतंच. पोषणाच्या चौकटीत फॉस्फरस देणं आपल्याकडे सक्तीचं नाही. घटकांच्या यादीत मात्र आयएनएस नंबर (वरून घातलेल्या पदार्थांचे आंतरराष्ट्रीय क्रमांक) असतात, ते शोधायचे. ३३८ म्हणजे फॉस्फोरिक अ‍ॅसिड. ३३९, ३४०, ३४१ म्हणजे सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियमचे फॉस्फेट. ४५०, ४५१, ४५२ म्हणजे पायरो, ट्राय आणि पॉलीफॉस्फेट. एवढे सात आकडे फ्रिजवर चिकटवा. कंसात लहान रोमन आकडा असतो पुढे, त्याकडे लक्ष नको.

सापडतात कुठे, तर चीज स्लाइस आणि स्प्रेड (वीस ग्रॅमच्या एका स्लाइसमध्ये शंभर मिलिग्रॅमच्या पुढे सहज), फ्रोजन नगेट आणि सॉसेज, काही झटपट नूडल्स, चहाची तयार प्रीमिक्स, दुधाची पावडर म्हणून मिळणारे व्हाइटनर, केकचे तयार मिक्स. बेकिंग पावडरमध्ये पण असतो, जातीनुसार चमचाभरात शंभरापासून चारशेपर्यंत. खायच्या सोड्यात मात्र नाही, पण त्यात सोडियम आहे, म्हणजे इकडे आड तिकडे विहीर. खारीबद्दल मला फॉस्फरसपेक्षा मिठाची आणि तुपाच्या नावाखाली जे असतं त्याची जास्त काळजी.

जर्सीकर

इकडे अमेरिकेत तर कच्च्या चिकनलापण सोडत नाहीत. पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की अमुक टक्के द्रावण टोचलंय, त्यात बऱ्याचदा सोडियम फॉस्फेट. आई-बाबा इकडे आले तेव्हा बाबांची किडनी अर्ध्यावर होती, आम्ही आपले घरी शिजवलेलं चिकन चांगलं म्हणून खाऊ घालतोय. आता द्रावण न टोचलेलंच आणतो, चवपण बरी लागते खरं तर.

ताकभात यांनी म्हटलंय त्याला दुजोरा म्हणून, ओहायोत २७९ डायलिसिस पेशंटांवर एक अभ्यास झालेला, २००९ ला छापून आला. अर्ध्या लोकांना फक्त एवढंच शिकवलं की दुकानात आणि हॉटेलात फॉस्फेट घातलेले पदार्थ कसे ओळखायचे आणि टाळायचे. तीन महिन्यांत त्यांचा फॉस्फरस दुसऱ्या गटापेक्षा ०.६ ने जास्त उतरला. नवीन औषध नाही काही नाही, फक्त लेबल वाचणं.

डेडलिफ्ट

धागा वाचतोय, भारी माहिती. माझी किडनी ठणठणीत आहे पण रोज एक कोला होतो आणि जिमवाले मित्र म्हणतात कोल्याने हाडं विरघळतात, दात टाकला तर रात्रीत गायब होतो वगैरे. प्लस दोन स्कूप व्हे (दुधापासूनची प्रोटीन पावडर). मला काही होणारे का?

कडुलिंब

दात रात्रीत गायब होत नाही, कुणीतरी टाकून बघा एकदाचा. कोल्यात फॉस्फोरिक अ‍ॅसिड असतं हे खरं, पण ३०० मिलीच्या बाटलीत फॉस्फरस ३० ते ५० मिलिग्रॅमच्या घरात. त्याच मापाच्या दुधात पावणेतीनशे. मग दूध पिऊन हाडं विरघळत नाहीत ना? फरक असा की दुधात कॅल्शियमपण येतं आणि कोला दुधाच्या जागी येऊन बसतो. २००६ मध्ये अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या लोकांवरच्या अभ्यासात रोज कोला पिणाऱ्या बायकांची खुब्याच्या हाडाची घनता कमी दिसली, पुरुषांची नाही. पण हा नुसता संबंध, त्याने कारण सिद्ध होत नाही. तुमच्या बाटलीतला मोठा गुन्हेगार साखर आहे, आणि दातांसाठी आम्लपणा.

निरोगी माणसात जास्त फॉस्फेटवाल्या खाण्याने हृदयावर परिणाम होतो का यावर वाद चालू आहे, नॉर्मलच्याच वरच्या टोकाला फॉस्फरस असलेल्यांना हृदयविकार जास्त असं काही मोठ्या पाहण्यांत दिसलंय. मी स्वतः घाबरत नाही पण रोज पाकिटावर जगतपण नाही. व्हेचं विचाराल तर एकदा क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन तपासून घ्या आणि मग उचला काय उचलायचं ते.

बांधावरून

आम्ही शेतकरी माणसं, आम्हाला नत्र-स्फुरद-पालाश पाठ. डीएपी खताची गोणी उचलून पाठ मोडली पण हाच स्फुरद माणसाच्या रिपोर्टात येतो हे आज डोक्यात बसलं. पिकाला कमी पडला तर मक्याचं पान जांभळं पडतं, मुळं धरत नाहीत. आणि झाड पिकताना सगळा स्फुरद दाण्यात नेऊन ठेवतं, रोपाला उगवताना लागतो म्हणून, तो फायटेट हाच असणार. मग एक शंका, दाण्याला मोड आला की रोप तो साठा फोडून वापरायला लागतं, म्हणजे मोड आलेल्या मटकीत फॉस्फरस सुटा झालेला असणार ना? मग सात्त्विक साहेब म्हणतात ते मोड आलेलं कडधान्य या पेशंटला उलटं नाही का पडणार?

ताकभात

@बांधावरून, अगदी वर्मावर बोट ठेवलंत. मोड आणणं, आंबवणं, भिजवणं याने फायटेट फुटतं. धडधाकट माणसाला हे चांगलंच, कारण फायटेट लोह आणि जस्तपण अडवून ठेवतं, म्हणून बाळंतिणीला, मुलांना मोड आलेलं द्या, आंबील द्या. डायलिसिसवाल्याला मात्र त्यातला फॉस्फरस थोडा जास्त शोषला जाईल. तरी तो पाकिटातल्याइतका नाही, आणि भिजवलेलं पाणी फेकून देऊन, भरपूर पाण्यात उकळून वरचं पाणी काढलं तर फॉस्फरस आणि पोटॅशियम दोन्ही काही प्रमाणात निघून जातात. त्यामुळे वाटीभर उसळ आठवड्यातून एकदोनदा, पाणी फेकून. कटाची आमटी करू नका त्या पाण्याची एवढंच.

भाकरी ज्वारीची खा, बाजरीत थोडा जास्त आहे पण एका भाकरीच्या पिठात फरक किरकोळ, त्यावर डोकं फोडू नका. साबुदाण्यात फॉस्फरस जवळजवळ नाही पण प्रोटीनपण नाही, आणि खिचडी केली की मूठभर दाण्याचं कूट जातंच.

अबोली_०९

धाग्याचा विषय जास्त फॉस्फरसचा आहे पण कमी झाला तर काय होतं ते माझ्या बहिणीचं सांगते, कुणाला उपयोग होईल. बाळंतपणानंतर हिमोग्लोबिन फारच खाली म्हणून शिरेतून लोहाचं इंजेक्शन दिलं, मग दुसरं दिलं. हिमोग्लोबिन वाढलं पण दोन-तीन आठवड्यांनी हिला जिना चढवेना, मांड्या दुखायच्या, बाळाला उचलायला हात भरून यायचे. सगळे म्हणाले बाळंतपणाचा थकवा, जागरण. शेवटी एका फिजिशियनने फॉस्फरस तपासला तर १.४. म्हणे काही प्रकारच्या लोहाच्या इंजेक्शननंतर होतं असं. हे खरं आहे का?

कडुलिंब

खरं आहे. फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज नावाच्या प्रकारात हे जास्त दिसतं. ते शिरेतून दिल्यावर वर लिहिलेला एफजीएफ-२३ वाढतो आणि किडनी फॉस्फरस सोडत सुटते. बऱ्याच जणांचा आपोआप भरून येतो, काहींना मात्र, विशेषतः पुन्हा पुन्हा डोस घेणाऱ्यांना, अशक्तपणा आणि हाडदुखी. इंजेक्शन वाईट नाही, अनेक जीव वाचवणारं आहे, पण नंतर असा विचित्र थकवा आला तर ही तपासणी सांगायला हवी. साधी आणि स्वस्त तपासणी आहे.

खाण्यातून फॉस्फरस कमी पडणं जवळजवळ अशक्य. कमी होतो तो अशा वेळी. दारूचं व्यसन, अ‍ॅल्युमिनियमचं अँटासिड महिनोन्महिने पिणं, काही जन्मजात आजार ज्यात पोराचे पाय बाकतात आणि नुसतं ड जीवनसत्त्व देऊन सरळ होत नाहीत. आणि सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे बरेच दिवस उपाशी असलेल्या माणसाला एकदम भरपेट खायला घालणं. जेवण पोटात गेलं की इन्सुलिन उसळतं आणि रक्तातला फॉस्फरस पेशींच्या आत खेचला जातो, रक्तात शिल्लकच राहत नाही, श्वासाचे स्नायू आणि हृदय ढेपाळतात. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटका झालेल्या भुकेल्या युद्धकैद्यांमध्ये हे प्रकर्षाने दिसलं होतं, सुटले आणि जेवणाने गेले बिचारे. आपल्याकडे लांबलचक उपास, कॅन्सर, म्हातारी माणसं ज्यांनी आठवडाभर काही खाल्लेलं नाही, त्यांना पहिल्या दिवशी प्रेमाने शिरा-पुरी चारू नका.

@चिंचपेटी, हे तुम्हालाही लागू आहे थोडंफार, आई इतके आठवडे अर्धपोटी आहेत तर खाणं हळूहळू वाढवा आणि डायलिसिसच्या डॉक्टरांना कळवून वाढवा.

शेवटचीफेरी

गोव्यातून. आमच्याकडे माशाशिवाय जेवण म्हणजे शिक्षाच. वडलांना किडनीचं कळल्यावर आम्ही मासे तोडले नाहीत, मोजले. ताजा बांगडा एक तुकडा चालतो असं आमच्या डॉक्टरनी सांगितलंय. सुकं मात्र बंद. सुका बोंबील, सुकट, गालमो, तारली काट्यासकट, हे सगळं हाडासकट पोटात जातं म्हणजे फॉस्फरस आला, वर मिठाचा मारा. किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर) बंद झाली तेव्हा वडील चार दिवस बोलले नाहीत कुणाशी.

अजून एक, फ्रोजन कोळंबी घेताना बघा. काही ठिकाणी ती फॉस्फेटच्या पाण्यात भिजवतात, पाणी धरून ठेवते, वजन वाढतं, शिजवली की आकसते. बाजारात कोळणीकडची घ्या, घासाघीस करा, पण ती घ्या.

सात्त्विक_७

बरं ते रसाचं राहू दे. पण वर अ‍ॅल्युमिनियमच्या अँटासिडने फॉस्फरस कमी होतो असं डॉक्टरच लिहितायत, मग पाच-दहा रुपयाचं ते पातळ औषध का नाही देत, एवढ्या महाग गोळ्या कशाला? हेच तर चाललंय.

कडुलिंब

प्रश्न योग्य आहे. एकेकाळी तेच देत होते, डायलिसिसच्या सुरुवातीच्या दशकांत जगभर. मग लक्षात आलं की किडनी नसल्यावर अ‍ॅल्युमिनियम बाहेर पडत नाही, मेंदूत आणि हाडात साचतं, माणसं बोलताना अडखळायला लागली, झटके यायला लागले, हाडं मोडायला लागली. म्हणून ते मागे पडलं. स्वस्तातला पर्याय आहेच, कॅल्शियम कार्बोनेट किंवा अ‍ॅसिटेट, तेपण जेवणातच घेतलं तर फॉस्फरस धरतात. पण त्यातलं कॅल्शियम रक्तात जातं आणि ज्यांच्या वाहिन्यांत आधीच चुना साचलाय त्यांना ते जास्त देता येत नाही. म्हणून सेवेलामर, लँथॅनम, लोहावर आधारलेल्या गोळ्या. कुणाला काय द्यायचं ते कॅल्शियम, पीटीएच (पॅराथायरॉइडचा हार्मोन) बघून ठरतं.

चिंचपेटी

खूप खूप आभार सगळ्यांचे, एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. सात आकडे फ्रिजवर लागले, पोरगं आता दुकानात पाकीट उलटं करून मोठ्याने वाचतं, दुकानदार वैतागलाय. आईंना वरण सुरू केलं, अर्धी वाटी आधी, युनिटच्या डॉक्टरांना विचारूनच. तिसऱ्या डायलिसिसचं योजनेत बघतायत ते.

शेवटच्या दोन शंका. आई थायरॉइडची गोळी घेतात सकाळी आणि पित्ताची पँटोप्राझोल पण. त्यांचं या गोळ्यांशी काही भांडण आहे का? आणि पुढच्या वेळी रक्त कधी काढायचं, डायलिसिसच्या आधी की नंतर?

कडुलिंब

रक्त आधी. डायलिसिस संपल्या संपल्या फॉस्फरस खोटा कमी दिसतो, काही तासांत पेशींमधून बाहेर येऊन परत चढतो. शिवाय हा आकडा दिवसभरात वरखाली होतो, त्यामुळे दर महिन्याला साधारण त्याच वेळचं काढा, म्हणजे तुलना करता येईल. नमुना हलगर्जीपणे काढून रक्तपेशी फुटल्या तरी आकडा फुगतो, तेव्हा एकाच रिपोर्टावर रडारड नको.

थायरॉइडची गोळी आणि फॉस्फरसची गोळी एकत्र नको, ही तिला पण धरून ठेवते. थायरॉइडची पहाटे उपाशीपोटी, आणि मध्ये चार तासाचं अंतर म्हणजे सकाळच्या नाश्त्यापेक्षा दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाला सेवेलामर ठेवता येते का ते विचारा. पँटोप्राझोलचा त्रास सेवेलामरला नाही, कॅल्शियम कार्बोनेटला आहे, त्याला विरघळायला पोटातलं आम्ल लागतं. पण ती पित्ताची गोळी अजून लागतेय का हेपण एकदा विचारा, कुणीतरी कधीतरी सुरू केलेली असते आणि वर्षानुवर्षं चालू राहते.

फिस्टुलावाला

आणि ताई, सेवेलामर अख्खीच गिळायला सांगा, चावायची किंवा कुटायची नाही, ती ओल्याने फुगते. माझ्या शेजारच्या बेडवरच्या काकांना लँथॅनम दिलीये, ती मात्र उलट, चावूनच खायची, अख्खी गिळली तर काम करत नाही नीट. दोघांच्या डब्या एकदा बदलल्या होत्या, म्हणून सांगतो, डबीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. बद्धकोष्ठ झालं तर गोळी बंद करायची नाही, डॉक्टरांना सांगायचं, आणि दुकानातून मनाने जुलाबाचं औषध आणू नका, काहींमध्ये सोडियम फॉस्फेटच असतं.